शीळफाट्यावर बसलेला संदीप

बुधवार, संध्याकाळ

हात अजून चुरचुरतोय. आज शीळफाट्यावर माझ्या धाकट्या भावाने, संदीपने, पोरं जमवून, रस्त्यात बसून, आमच्या दिव्यात कचरा टाकायला येणारे डंपर अडवले. मागे रिक्षात मी आणि धापा टाकणारे बाबा, दिव्याहून ठाण्याच्या हॉस्पिटलला निघालेलो.

मी धावत गेले. "ऊठ रे, बाबांना श्वास घेता येत नाहीये!"

"ताई, त्या जळत्या कचऱ्याच्या धुरानेच ना?"

कानाखाली वाजवली. बरंच केलं. रिक्षापुरती वाट दिली, पण उठला नाही. शेवटी पोलिसांनी नेलं म्हणे आणि डंपर गेलेच. काय मिळवलं याने?

हॉस्पिटलात बाबांनी ऑक्सिजनचा मास्क सरकवला. "संदीपला सोडलं?"

"माहीत नाही."

"जा, सोडवून आण. धाप नसती तर मीही बसलो असतो."