पंख्याखालचा सत्संग

मुलुंड पूर्व, शुक्रवार

तीर्थस्वरूप वनमालाताईस,

मधुकरचा वाकून नमस्कार (कंबर धरल्यामुळे फक्त कागदावर). तुझे गुडघे काय म्हणतात? शुभाची तब्येत आता छान आहे. फोनच करणार होतो, पण ती शेजारी बसून माझं प्रत्येक वाक्य दुरुस्त करते, म्हणून पत्र.

आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये दर गुरुवारी सत्संग असतो आणि मी त्याचा अध्यक्ष आहे (निवड झाली त्या दिवशी मी गैरहजर होतो). तर ताई, हे मंडळ मोडायचीच वेळ आली होती, आणि तीही पंख्यावरून! हॉलमधला पंखा बरोबर देवासमोर. सुंदराबाई म्हणतात, वाऱ्याने समई विझते आणि मान धरते. मार्तंडराव म्हणतात, घामामुळे नामस्मरणात लक्ष लागत नाही (लक्ष त्यांचं प्रसादाच्या डब्यावर असतं, पण घाम खरा). बाई उठून पंखा बंद करणार, हे उठून पाचावर टाकणार. शेवटी भर एकादशीला "तुम्ही नास्तिक!", "तुम्ही संधिवाती!" इथवर मजल गेली. बाईंचा गट पेटी उचलून बी विंगमध्ये गेला, टाळ मार्तंडरावांकडे राहिले. पुढच्या गुरुवारी एका घरात नुसता सूर, दुसऱ्या घरात नुसता खणखणाट, आणि हॉलमध्ये देव, मी आणि शुभा. मोठ्या आजारातून उठल्यावर तिनेच हे मंडळ सुरू केलेलं. सगळ्यांसाठी केलेला शिरा आम्ही दोघंच खात बसलो. घशाखाली उतरेना गं (तरी संपवला).

मग मी घाटकोपरहून एक बुवा बोलावले. विषय, क्रोधावर विजय. दोन्ही गट झाडून हजर, कारण न येणारा हरला असता. बुवा रंगात आले. साधूला ऊन काय नि वारा काय, सगळं सारखंच, असं म्हणाले मात्र, मार्तंडरावांनी "वा!" म्हणत पंखा पाचावर टाकला. बुवांचं उपरणं उडून थेट समईवर! काठ पेटला. सुंदराबाईंनी तांब्याभर तीर्थ ओतलं, निम्मं उपरण्यावर, निम्मं बुवांवर.

"कोण गाढव आहे तो?" बुवा कडाडले. "अक्कल गहाण टाकलीये का सगळ्यांनी?"

तशा सुंदराबाई उभ्या राहिल्या. "ओ बुवा, आमच्या मार्तंडरावांना गाढव म्हणायचं काम नाही. म्हणायचं तर आम्ही म्हणू."

"आणि बाईंच्या हातचं तीर्थ आहे ते," मार्तंडराव गरजले, "ॲसिड नाही!"

बुवा प्रसादही न घेता गेले. त्यांची पाठ वळताच जी एकी झाली म्हणतेस! पेटी स्वतः मार्तंडरावांनी बी विंगमधून उचलून आणली. आता पंखा दोनवर असतो. दोघंही नाराज असतात, पण शेजारी शेजारी बसून. आणि शुभा मागच्या भजनात इतक्या मोकळ्या आवाजात गायली की मी टाळ चुकलो.

तुझा धाकटा,
मधुकर

ता. क. बुवांना नावं ठेवण्यात महिना झकास गेला. काल मात्र विषय संपला, आणि मार्तंडरावांची नजर परत रेग्युलेटरकडे वळली. भावोजी हल्ली प्रवचनं करतात असं ऐकतो. त्यांना पुढच्या गुरुवारी पाठवच. मानपान सगळा करू.

आणखी एक. ते स्वभावाने फारच शांत आहेत. निघताना त्यांच्या चहातली साखर तेवढी बंद कर.