खाट क्र. १४ वरील जुलाब आणि सुनेचा दहीभात

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक,
शांतिबन धर्मादाय रुग्णालय, मिरज.

विषय : डिस्चार्ज कार्डावरील 'जुलाबाचे कारण : घरचा डबा' ही नोंद दुरुस्त करणेबाबत.
संदर्भ : सौ. मनुबाई जोतीराम फडतरे, स्त्री अस्थिकक्ष, खाट क्र. १४.

महोदय,

१. अर्जदार सैन्यातून निवृत्त हवालदार असून राहणार औंध. अर्जदाराची पत्नी सौ. मनुबाई खुब्याचे हाड मोडल्याने आपल्याकडे दाखल होती. हाड उत्तम बसले, त्याबद्दल आभार.

२. सहाव्या दिवसापासून तिला ताप व दिवसाला बारा-बारा जुलाब सुरू झाले. आपल्या डॉक्टरसाहेबांनी पोटाला हात न लावता डब्याचे झाकण उघडले आणि सुनेचा दहीभात बाधल्याचे निदान केले. चोवीस वर्षांच्या नोकरीत अर्जदाराने इतके जलद निदान पाहिले नव्हते.

३. पत्नी सर्वांसमक्ष म्हणाली, "हिनंच कायतरी घातलंय. हिच्या हातचं पानी बी नगं." सून सौ. क्रांती डबा धुऊन कोयनानगरला माहेरी गेली.

४. पुढे खाट १५ वरील बनाबाई व १६ वरील धोंडुबाई यांनाही तोच त्रास झाला. बनाबाईंचा डबा विट्याहून येई. धोंडुबाई आपल्याच रुग्णालयाची पेज घेत. दोघींनी सदर दहीभात पाहिलेलाही नाही. तिघींना अँटिबायोटिकची इंजेक्शने चालू होती आणि शौचाचे भांडे एकच होते. हे निदर्शनास आणले असता सिस्टर म्हणाल्या, "आजोबा, तुम्ही मिलिटरीत होता, डॉक्टर नव्हता." हे खरे आहे.

५. आपल्या तपासणीत 'काही आढळले नाही'. जे शोधलेच नाही ते न आढळणे नियमास धरून आहे. अर्जदाराने नमुना एस.टी.ने सांगलीच्या प्रयोगशाळेत नेला. तेथे वेगळी तपासणी होऊन क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल हा जंतू सापडला. तेथील डॉक्टरांनी सांगितले, की अँटिबायोटिकने आतड्यातले चांगले जंतू मेले की हा माजतो, इस्पितळात हातोहात पसरतो आणि हाताला चोळायच्या जेलला दाद देत नाही, साबण-पाणीच लागते. आपल्या बेसिनवर 'हात धुवा' असा सुबक फलक आहे. साबण नाही.

६. अहवाल पाहून आपण औषध बदलले. पत्नी पाच दिवसांत बरी झाली. कार्डावर मात्र दहीभात कायम राहिला.

७. अर्जदाराने अहवाल पत्नीस वाचून दाखवला. ती म्हणाली, "मोठ्या डाक्टरनं शिक्का मारून लिवलंय, त्ये खोटं कसं आसंल?" सबब ही लागण रुग्णालयात झाल्याचे सहीशिक्क्यानिशी लिहून मिळावे. काल अर्जदार कोयनानगरला जाऊन आला. सुनेने चहा दिला आणि एवढेच विचारले, "मामा, आत्यांनी बोलावलंय का?" अर्जदाराने चहा संपवला, कपबशी स्वतः विसळून ठेवली व परतीची एस.टी. धरली.

आपल्या शिक्क्याच्या प्रतीक्षेत,
जोतीराम बाळासो फडतरे
औंध, दि. १४ फेब्रुवारी २०२४

सोबत : डिस्चार्ज कार्डाची छायाप्रत, सांगलीचा अहवाल.