वय सांगणारं बटण

आबा,

सगळ्यांत आधी आली ती मुलाची राहू गावची मावशी. चपला काढायच्या आतच म्हणाली, "पोरगी कुठंय?" मागनं मुलगा, त्याची आई आणि मामा. माझ्या नातीला बघायला आले होते, इथं दौंडला, आमच्या रेल्वे क्वार्टरात. ती कॉम्प्युटरच्या क्लासला जाते. मामांनी विचारलं, "शिकतीस तरी काय?" तर तिनं घरातला कॉम्प्युटरच चालू केला. आबा, पडद्यावर आपलं इनामगाव. वर ठळक नाव, डावीकडं यादी, मधे घोडनदीचा फोटो, सगळी मांडणी तिची. निळ्या अक्षरांवर टिचकी मारली की दुसरं पान उघडतं, त्याला लिंक म्हणतात. मला हसू आवरेना.

मग तिनं एक बटण दाखवलं. जन्मसाल टाकायचं, वय येतं. त्याच्यामागं फंक्शन असतं म्हणे; काम एकदा नीट लिहून ठेवायचं, मग हाक मारली की दरवेळी ते करून देतं. मी म्हणाले, "म्हंजी माझ्यासारखंच. कुणीबी हाक मारावी आन् भाकरी हजर." नात हसली, मुलाकडं बोट करून त्याच्या आईला म्हणाली, "यांचं साल सांगा की." बाई भोळी, खरं सांगून बसली. पडद्यावर आलं तेहतीस. मध्यस्थानं सांगितलं होतं सत्तावीस.

"मशीन चुकलं असंल," मावशी म्हणाली.

"तुमचं टाकून बघू का, मावशी?" नात म्हणाली.

मामांनी कप खाली ठेवला. "हे क्लासचं खूळ आजपास्नं बंद. मग पुढचं बोलू." आणि माझा लेक मान खाली घालून म्हणतो, "व्हय मामा, बंद."

आबा, तो तुमचाच आवाज. तिसरीच्या वर्गाच्या दारात उभे राहून तुम्ही मास्तरांना म्हणालात, "सही येतीया, लई झालं." माझ्या पाटीवर गणित अर्धं होतं. ते तरी पुरं करू द्यायचं. गेलेल्या माणसावर राग धरू नये म्हणतात. मी धरलाय, आणि म्हातारी झाले तरी तो तसाच आहे.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकणार? म्हणून एक लिहून टाकते. माझ्या थोरल्या लेकीची शाळा सातवीत मीच बंद केली, तुमचंच वाक्य बोलून. 'चुकलं माझं' हे तिच्याकडं बघून अजून तोंडातनं निघत नाही.

नातीची क्लासची परीक्षा आहे, तिला पोचवायला मी जाणार. लेकाला सांगितलेलं नाही. पाहुणेही त्याच वेळेला परत येतो म्हणालेत, गुरुवारी, चारला.