नव्या कवितेला जुनी चाल

प्रिय ठमे,

हे पूर्ण वाचून होईपर्यंत दाराला हात लावू नकोस. बाळाला तर मुळीच लावू देऊ नकोस. तू प्रयोगशाळेत पोटाचेच विषाणू तपासतेस, तुला दोन ओळींत कळलं असतं; पण तुझा हा मास्तर सरळ मुद्द्यावर कधी आलाय?

दोन वर्षांपूर्वी आमच्या वृद्धाश्रमात उलट्या-जुलाबांची साथ आली होती, आठवतं? आम्ही पाच जण तेव्हा आडवे होऊन उठलो. या सोमवारी ती पुन्हा आली, तशा सिस्टर म्हणाल्या, तुम्ही पाच जण आता पक्के, तुम्हाला काही होत नाही. झालं, मी फुशारलो! शेजारच्या खाटेवरच्या घड्याळजींना चमच्याने मीठ-साखरेचं पाणी पाजताना शाळेतल्या कविता म्हणू लागलो. ते म्हणाले, मास्तर, उलटी परवडली, गाणं आवरा.

तू मागे समजावलं होतंस, मीच अर्धवट ऐकलं. विषाणू स्वतःची नक्कल करताना चुकतो, शुद्धलेखनात पोरं चुकायची तसा. बहुतेक चुका वाया जातात. पण आजारातून उठून सावध झालेली माणसं सगळीकडे असली, की त्यांच्या शरीराला ओळखू न येणारी चूक तेवढी तरते, पसरते. म्हणजे आमच्यासारखे पक्के वाढले, म्हणूनच हा बदललेला विषाणू पुढे आला! आणि शरीर पहिल्यांदा शिकलेली चाल सहजी सोडत नाही. नवी कविता समोर आली तरी जुन्याच चालीत म्हणायला लागतं. मी त्यावर ‘वा!’ म्हणालो होतो. तू चिडली होतीस, बाबा, दाद नकोय, हात धुवा.

काल दुपारी पक्क्यांतला पहिला पडला, संध्याकाळी दुसरा. घड्याळजींना सलाईन लावून रुग्णालयात नेलं. जाताना त्यांनी चष्मा माझ्याकडे दिला. तेवढ्यात तुझा फोन आला आणि मी म्हणालो, सगळं ठीक आहे, ये.

खोटं बोललो. आठ महिन्यांच्या नातीचं हसू मला फोनमधून पाठ झालंय, पण ती हाताला किती जड लागते ते ठाऊक नाही.

पहाटे मलाही उलटी झाली. तेव्हापासून तुझा फोन लावतोय, लागत नाही. गाडी बोगद्यांत असणार. कागद बाहेर पाठवला तर त्याला माझे हात लागलेले, म्हणून आतून दाराच्या काचेला चिकटवला. आपल्या बाळाच्या शरीराला ना जुनी चाल येते, ना नवी. मी आत, समोरच्या बाकावर बसलोय. तिला काचेपासून चार पावलं लांब, उजेडात धर. डोळे भरून बघेन आणि मान हलवेन. मान हलवली की निघ. मागे वळून पाहू नकोस. पाहिलंस, तर मीच दार उघडेन.

तुझाच,
अर्धंच ऐकणारा बाबा