गाडीले थंडी बाधू नये म्हणून

धाड,
संक्रांतीनंतरचा रविवार

प्रिय भाल्या,

तुझी गाडी सुखरूप आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं वाचताना तुला तसं वाटणार नाही. फोनवरही सांगता आलं असतं, पण हल्ली तू 'हं' आणि 'बरं' यांच्या पलीकडे जात नाहीस, आणि मी उभा जन्म पोरांना मराठी शिकवून निवृत्त झालेला माणूस. माझं वाक्य संपायच्या आत कुणी 'बरं' म्हटलं की माझा हात आपोआप खडू फेकायला वर जातो. तेव्हा पत्र. यात तुला मधे बोलता येत नाही.

दिवाळीनंतर तुझा नाशिकहून फोन आला, तिथून सुरुवात करतो. मी नेहमीप्रमाणे फोन मोठ्या आवाजात लावून ओसरीत बसलो होतो. तू म्हणालास, गजू, माझं मोटरहोम हिवाळाभर तुझ्या गोठ्यात ठेवायचं आहे. आता आमच्या घरात मोटर म्हणजे विहिरीवरची, दुसरी मोटर आम्ही ओळखत नाही. तिकडे भिंतीकडे तोंड करून बाजेवर पडलेले आमचे तीर्थरूप, दादा, उठून बसले आणि त्यांनी विचारलं, किती एचपीची हाये? तू हसलास. तुला वाटलं, दादा नेहमीसारखे बोलले. पण बैलजोडी विकल्यापासून, म्हणजे दोन पोळे होऊन गेले, त्यांनी आपणहून कुणाला काहीच विचारलं नव्हतं. सरस्वती तव्यावरची भाकर तशीच टाकून स्वयंपाकघरातून बाहेर आली. भाकर जळाली, आणि माझ्या संसारात जळक्या भाकरीबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही असा तो पहिला दिवस.

जोडी विकायचं दादांनीच ठरवलं होतं. खुब्याचं हाड मोडल्यावर त्यांच्यानं बैलांचं काही होईना, आणि दुसऱ्याच्या हातून झालेलं त्यांना पटेना. आमच्या घरची रीत तुला आठवत असेल. जनावर विकलं तरी दावं द्यायचं नाही. मालकानं आपल्या हातानं गळ्यातलं दावं सोडायचं आणि गोठ्यात खुंटीला टांगायचं, मग घेणाऱ्यानं स्वतःचं नवं दावं बांधून जनावर न्यायचं. दादांनी चांद्याचं आणि लाख्याचं दावं सोडलं, खुंटीला टांगलं, आणि त्यानंतर ते गोठ्याकडे फिरकलेच नाहीत. बाजेवर पडले ते पडलेच.

तर अशा रिकाम्या गोठ्यात तू तुझी ती पांढरीशुभ्र गाडी आणून घातलीस. तू घरात चहा पीत होतास तेव्हा बाहेर काय चाललं होतं ते तुला कळलं नाही. अर्ध्या धाडला ती डोळे तपासायची सरकारी गाडी वाटली होती. शेजारचा शेषराव आयुष्यभर एसटी चालवून निवृत्त झालेला, त्यानं तरी गाडी ओळखायची. पण तोच चष्मा हातात घेऊन रांगेत पहिला. त्याला आत डोकावू दिलं. पलंग, गॅस, बेसिन, पडदे बघून तो खाली उतरला आणि रांगेला म्हणाला, याच्यात तं बिऱ्हाड हाये. तेव्हापासून गावात तिचं नाव 'भाल्याचं बिऱ्हाड'. तुझं ते मोटरहोम कुणाच्या जिभेवर बसलं नाही.

मग तू सूचना दिल्यास. टाकीतलं पाणी काढून टाका, नाहीतर गोठून नळ्या फुटतात. भाल्या, धाडमध्ये पाणी गोठत नाही. ते मुळात नळाला येत नाही, गोठायचं लांबच. बाहेरच्या देशांत सगळे लोक हिवाळ्यात असल्या गाड्या बंद करून ठेवतात, असं तू सांगितलंस, आणि शेषराव तोंड फिरवून हसला. आपल्याकडे माणूस हिवाळ्यातच तर घराबाहेर पडतो. लग्नं, जत्रा, देवदर्शन, सगळं तेव्हाच. मी मात्र हसलो नाही. नाशिकपासून धाडपर्यंत गाडी एकट्यानं चालवत आलास, आत गॅस आणि पलंग असताना जेवलास धाब्यावर आणि झोपलास आमच्या ओसरीत, आणि मागचं दार एकदाही उघडलं नाहीस. शेषरावला आत डोकावायचं होतं तेव्हा किल्लीसुद्धा तू माझ्याच हातात दिलीस. तेव्हा मी म्हटलं, ठेव. हिवाळाच आहे ना, ठेव.

तू चूक केलीस ती निघताना. दादांच्या पाया पडलास आणि गमतीनं म्हणालास, दादा, गाडीला थंडी बाधू देऊ नका. असं काही दादांना सांगण्याआधी माणसानं विचार करावा. दुसऱ्या दिवशी सकाळी ते काठी टेकत गोठ्यात गेले, बॉनेटवर हात ठेवून बराच वेळ उभे राहिले, आणि परत येऊन सरस्वतीकडे पोती, दाभण आणि सुतळी मागितली. सध्या तुझी गाडी पोत्यांत आहे. तोंडावर बैलांची पोळ्याची झूल आहे, लाल, गोंड्यांची. शिंगांना लावायचा बेगड पेटीत उरला होता, तो तुझ्या दोन्ही आरशांना लावलेला आहे. रोज दिवेलागणीला कडुनिंबाच्या पाल्याचा धूर होतो, डास बसू नयेत म्हणून. गाद्यांना वास येतो तो त्याचा. सरस्वती म्हणते उन्हात टाकल्यावर जाईल. मला भरवसा नाही. चाकं अधूनमधून फिरवा असं तू म्हणाला होतास, म्हणून मी आणि शेषराव गाडी हातभर पुढे ढकलतो, हातभर मागे ओढतो. त्या वेळी दादा समोर उभे राहून बैलांना करतात तो आवाज तोंडानं करतात. शेषरावचं म्हणणं, त्यानं गाडी हलकी जाते. एका सकाळी मला बॉनेटवर गुळाचा खडा सापडला. मी तो होता तिथेच राहू दिला.

आता उंदीर. उंदीर वायरी कुरतडतात हे तूच सांगितलंस, म्हणून दादा राखणीला गाडीत झोपायला गेले. शिवाय यंदा कापूस भावाची वाट बघत पुढच्या खोलीत आढ्यापर्यंत भरलाय, घरात आम्ही सगळे खाजवतोय, तेही एक निमित्त झालं. मायनं चार दिवस घर डोक्यावर घेतलं. म्हातारपणी माणूस बिऱ्हाड वेगळं करते काय, असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायची. पाचव्या दिवशी ती त्यांना जेवायला बोलवायला म्हणून गोठ्यात गेली आणि आलीच नाही. सरस्वती बघायला गेली, तर माय तुझ्या त्या छोट्या गॅसवर चहा करत होती आणि दादा तुझ्या घडीच्या टेबलाशी कप घेऊन बसले होते. तेव्हापासून दोघं तिथेच राहतात. सासू-सासऱ्याला गोठ्यात घातलं असं लोक म्हणतील या भीतीनं सरस्वतीची झोप उडाली आहे. घरी कुणी आलं की आधी ती त्यांना गाडीकडे नेते, गादी दाबून दाखवते, पंखा लावून दाखवते, मग पाणी विचारते. तू काढून ठेवलेली बॅटरी शेषरावनं पंख्यासाठी परत लावली आहे, हेही इथेच सांगून टाकतो.

भाल्या, एक सांगू? साठ वर्षांच्या संसारात या दोघांना स्वतःची खोली कधी मिळालीच नव्हती. आधी आजा-आजी, चुलते, मग आम्ही भावंडं, मग माझी पोरं. चारचौघांत नवऱ्याशी बोलायचं नाही ही मायची शिकवण, आणि चारचौघं नाहीत अशी जागाच घरात नव्हती. एका दुपारी मी गोठ्यामागे सरपण आणायला गेलो तर आतून दोघं हसत होती. कशावरून ते कळलं नाही. मी सरपण न घेताच परत आलो. मला इतकं बरं वाटलं, की ते कुणाला सांगावं हे सुचेना, म्हणून जाऊन शेषरावला सांगितलं, आणि त्यानं ते गावभर केलं.

मायला तुझ्या गाडीत सगळ्यात काय आवडलं असेल? ओटा. आमच्या घरचा ओटा सरस्वतीच्या मापाचा, मायला तिथे हात वर करून लाटावं लागतं. तुझ्या गाडीतला तिला बरोब्बर येतो. मसाल्याच्या डब्यांची फळीही तिच्या हाताच्या अंतरावर. ती मला म्हणाली, हे माह्याच मापानं केलं वाटते. मी म्हटलं, नाही माय, शरयूवहिनींच्या मापानं केलंय. तुला आठवत असेल, सुताराकडे माप घेताना तू मला फोन केला होतास. वहिनींना तू लाटणं हातात देऊन उभं केलं होतंस आणि सुतार पेन्सिलीनं खुणा करत होता. वहिनी मागून ओरडत होत्या, की भावोजी, यांना सांगा, मी गाडीत भाकरी करायला निघालेली नाही, मी फिरायला निघालेय. सगळा हिवाळा फिरायचं ठरलं होतं तुमचं. आणि श्रावणात त्या गेल्या. मायनं हे सगळं ऐकलं. पदरानं तो ओटा पुसला, आधीच पुसलेला होता तरी. आता ती तिथे दुसऱ्या कुणाला पसारा करू देत नाही.

आणि परवा तुझा फोन आला. गाडी विकत घ्यायला पुण्याची पार्टी मिळाली, ड्रायव्हर पाठवतो, त्याच्याजवळ किल्ली दे. दादा तेव्हा जेवायला ओसरीत आले होते, आणि फोन मोठ्या आवाजात होता हे तुला आता सांगायला नको. मला वाटलं, दादा पुन्हा भिंतीकडे तोंड करणार. ते उठले, गोठ्यात गेले, खुंटीवरचं चांद्याचं दावं काढलं आणि तुझ्या गाडीच्या पुढच्या हुकाला बांधलं. मी म्हटलं, दादा, गाडी जायची आहे, बांधता कशाला? ते म्हणाले, "सोडाले आधी बांधा लागते. आन् ज्याचं त्यानंच सोडावं. डायवरच्या हातानं जनावर कोणी इकते काय?"

तर अशी परिस्थिती आहे. किल्ली मायच्या कमरेच्या चंचीत आहे आणि ती भाल्याशिवाय कुणाला मिळणार नाही, असं तिनं मला बजावलं आहे. ड्रायव्हर पाठवलास तर त्याला जेवू घालून परत पाठवीन. तू ये. गाडी विकायची तर खुशाल वीक, तुला कुणी अडवणार नाही. पण दावं तुझ्या हातानं सोड, आणि सोडायच्या आधी एकदा गाडी बाहेर काढ. मायचं माहेर जळगाव जामोदकडे आहे, एसटीच्या बाकड्यावर दादांचा खुबा टिकत नाही म्हणून दोघांचं तिकडे जाणं राहिलंय. माय वाटेनं चालत्या गाडीत भाकरी करणार आहे, ते चालतं का हे तिनं शेषरावला दोनदा विचारून ठेवलंय, आणि त्याचं उत्तर तिला पटलेलं नाही. चालवायची तू. दादा तुझ्या शेजारी बसतील आणि तोंडानं तो आवाज करतील, तेवढं सोसून घे. आज सकाळी मी त्यांना म्हटलं, भाल्याला कळवतो की गाडी तुम्ही नीट सांभाळली, थंडी काही बाधली नाही. ते झुलीचे गोंडे सारखे करत होते. माझ्याकडे न बघताच म्हणाले, "गाडीले काय होते? थंडी भाल्याले बाधली हाये. म्या दोन वर्सं भिंतीकडं तोंड करून काढले, मले समजते. त्याले बलाव." म्हणून हे पत्र.

तुझी वाट बघणारा, तुझाच
गजू