टेबलाचा वेग वाढवला तेव्हा

सर,

तुमच्या जागेवर आता मी शिकवते, हे तुम्हाला कळलं असतं तर तुम्ही नुसतं 'बरं' म्हणाला असतात. लिहायचं कारण वेगळं आहे. यंदा पाऊस सरल्यावर माझ्या हातून एक गोष्ट घडली आणि ती जिथे सांगता येईल अशी जागा तुमच्याशिवाय मला सुचत नाही.

एका कंपनीचे पाहुणे मुलं निवडायला येणार होते. आपलं शिकवायचं, संगणकाच्या आकड्यांवर चालणारं सीएनसी मिलिंग मशीन जुनं, टेबल सावकाश सरकतं. ते जरा चपळ दिसावं म्हणून त्या सकाळी मी कंट्रोलरमध्ये आडव्या अक्षाचा वेग वाढवला आणि अ‍ॅक्सिलरेशन जवळजवळ दुप्पट केलं. तुम्ही शिकवलेलं मला पाठ होतं. आकडा थोडा थोडा वाढवायचा, कटर न लावता टेबल पळवून बघायचं, मोटर कण्हायला लागली की खाली यायचं, आणि शेवटी मोजायचा काट्याचा डायल लावून टेबल निघालं तिथेच परत येतंय ना ते तपासायचं. यातलं मी काहीच केलं नाही. मशीनवर एका मुलीला उभं केलं, वर्गात तिच्याइतका सफाईचा हात कोणाचा नाही. मी मान हलवली, तिने बटण दाबलं. टेबल झटक्यात निघालं, मोटरला झेपलं नाही, ते ठरल्या जागेच्या मागेच राहिलं. पडद्यावर आकडे मात्र बरोबर दिसत होते. पुढच्या फेरीत कटर सरळ काम पकडणाऱ्या व्हाइसमध्ये घुसला आणि मोडलेला तुकडा काचेवर आदळला. काय झालंय ते मला त्याच क्षणी कळलं. तरीही पाहुण्यांसमोर मी तिला म्हणाले, "शून्य नीट घ्यायला सांगितलं होतं ना तुला?" ती माझ्याकडे बघत राहिली. शून्य, म्हणजे मोजमाप जिथून सुरू होतं ती जागा, तिने नीट घेतलं होतं, माझ्यादेखत. पाहुण्यांनी तिला वगळून दुसऱ्या दोघांना घेतलं, आणि त्यानंतर ती यायचीच बंद झाली.

मी विद्यार्थिनी असताना फीड, म्हणजे काम कटरकडे सरकवायचा वेग, जास्त ठेवून माझ्याकडून कटर मोडला तो दिवस तेव्हापासून डोक्यातून जात नाही. प्राचार्य दारात उभे आहेत, तुम्ही मान वर न करता म्हणता, "फीड मीच वाढवायला सांगितला होता." सांगितला नव्हतात. ते गेल्यावर तुम्ही मला असं झापलंत की मी नळाखाली तोंड धुवायच्या निमित्ताने रडले. इतकी वर्षं मी झापणंच धरून बसले होते. आधीचं वाक्य माझ्या लेखी जणू कोणी बोललंच नव्हतं.

शेवटी एसटीने तिच्या गावी गेले. तिचे वडील चिऱ्याच्या पायरीवरून घाईने उठले. "पोरीनं सरकारी मशीन मोडलान, म्याडम. आता कुठल्या तोंडानं पाठवू तिला?" माफी तेच मागत होते. मला त्यांच्याकडे बघवेना. वेग मी वाढवला, तपासला नाही, वर खोटं बोलले, हे कसंबसं सांगितलं. ती कोरा चहा घेऊन दारातच थांबली होती, तिने सगळं ऐकलं होतं.

"हे तुम्ही वर्गात सांगाल?" तिने विचारलं.

सांगितलं, सर. प्राचार्यांनाही सांगितलं, कंपनीलाही कळवलं. तिथून उत्तर आलं नाही. ती मात्र परत आली. सगळ्यांसमोर तिनेच आकडे खाली आणले, डायल लावला, काटा शून्यावर येईपर्यंत बघत उभी राहिली. पण मी शेजारी असले की तिचं बोट अजून बटणावर अडकतं. म्हणून तिची पाळी आली की मी फोन आल्याचं सांगून व्हरांड्यात जाते आणि आतलं मशीन सुरू झाल्याचा आवाज येईपर्यंत तिथेच थांबते.

तुम्ही गेल्यापासून मांडवीचं तुमचं घर बंद असतं, त्यामुळे हे पाठवायचा प्रश्न नाही. फोन आलेला नसतो, एवढंच अजून कोणाला सांगितलेलं नाही.