शिंपल्याच्या तोंडातली चोयटी

प्रिय दिग्विजय,

'प्रिय' लिहिताना हात थांबला होता. पण आजवर तसंच लिहीत आले, म्हणून लिहिलं. लय राग आलाय तुझा. पत्र मधेच फाडू नकोस, शेवटपर्यंत वाच.

गावच्या पाण्याचा उपसा होतो तिथं, कृष्णेत, नदीच्या पाण्याचा अभ्यास करणाऱ्या समीक्षा मॅडमनी जाळीत बारा शिंपले ठेवलेत, हे मीच तुला कौतुकानं सांगितलं होतं. प्रत्येकाच्या पाठीवर बारीक यंत्र. नदीत साखर कारखान्याची मळी आली की शिंपले तोंड मिटतात, माझ्या फोनवरची रेघ खाली येते आणि मी पंप बंद करते. बाई पंप चालवणार म्हणून हसणारं गाव आता हंडा उचलण्याआधी विचारतं, शिंपलं काय म्हणत्यात गं मंगल? गेल्या महिन्यात ते दोनदा मिटले आणि दोनदा माणसं तुमच्या कारखान्यावर धावून गेली. तिथलं सांडपाणी तुझ्याकडे. साहेबानं तुला झापलं असणार, नोकरीची भीती घातली असणार. मग मला सांगायचंस की रे.

रविवारी तू आलास, आईच्या हातचं कालवण-भाकरी खाल्लीस आणि पोहून येतो म्हणून नदीवर गेलास. त्यानंतर तीन दिवस रेघ हललीच नाही. सगळे शिंपले उघडे. मी मूर्ख, पाणी चांगलं आहे म्हणून पंप चालूच ठेवला. जिवंत शिंपला अधूनमधून तोंड मिटतोच, हे चौथ्या दिवशी डोक्यात आलं. जाळी वर ओढली, तर प्रत्येकाच्या तोंडात उसाची चोयटी, तिरकी कापलेली, मिटू नये म्हणून पाचरीसारखी बसवलेली. सात शिंपले मेले होते. लहानपणी अशीच चोयटी घालून शिंपल्याच्या आत काय असतं ते तू मला दाखवायचास. दुसऱ्या कुणाला हे सुचलं असतं, सांग बघू?

ते तीन दिवस आईही तेच मळीचं पाणी प्याली. ती सांगलीला दवाखान्यात आहे. गावातली अजून नऊ माणसं तिथंच आहेत.

सोमवारी ग्रामसभा आहे. पंप मी चालवला, म्हणून लोक मला शिव्या घालतात आणि मी खाली मान घालून ऐकते. काल सलाईन लावलेल्या हातानं आईनं माझा पदर धरला आणि म्हणाली, "पोरी, त्येचं नाव घिऊ नगंस." मी तिला शब्द दिला. एक चोयटी या पाकिटात घातली आहे, अकरा माझ्याकडे आहेत. सकाळी दहाला ये आणि सभेत उभं राहून तुझं नाव तूच घे. नाही आलास तर मी आईचा शब्द मोडीन, आणि ते पापही तुझ्याच माथी.

सोमवारपर्यंत तरी तुझीच,
मंगलताई